मंद अक्षरं

गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजनी धुमाळ एकसष्ट वर्षांची होती. कर्करोग स्वरयंत्रात होता आणि स्वरयंत्रासकट तो काढून टाकावा लागला. कराडच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई शुद्धीवर आली, ती गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेत. तोंडावाटे हवाच जात नव्हती, त्यामुळे कुजबुजणंसुद्धा बंद झालं होतं.

गळ्याला टेकवून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र रुग्णालयातून मिळालं. ते तिनं दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी डब्यात घालून ठेवून दिलं. पाटीवर लिहिलं, "हा आवाज ऐकून माझी मलाच भीती वाटते."

तिचा नवरा उल्हास साखर कारखान्यातून निवृत्त झालेला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, टाकीतली पातळी मोजणारी उपकरणं दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. घरी मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. त्यावर सोल्डरिंग आयर्न, तारांची भेंडोळी, जुन्या औषधांच्या बाटल्यांत भरलेले सुटे भाग. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते स्वयंपाकघरात दाखवणारा दिवा त्यानंच केला होता. माणसाच्या दुःखाशी कसं बोलायचं हे त्याला कधी जमलं नाही, पण बिघडलेली वस्तू समोर आली की तो उठायचा नाही.

मनातले शब्द ओळखणारी यंत्रं बाजारात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्यामागचं तत्त्व अवघड नव्हतं. आपण एखादा शब्द बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूकडून जिभेच्या, हनुवटीच्या, गळ्याच्या स्नायूंकडे विजेचे बारीक संदेश निघतात. आवाज निघो वा न निघो, संदेश निघतातच. ते एका व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढे असतात, पण हनुवटीखाली आणि कानामागे पातळ पट्ट्या चिकटवल्या तर पकडता येतात. प्रत्येक शब्दाची त्यात एक वेगळी नक्षी असते. यंत्राला पुरेशा नक्ष्या शिकवल्या की ते शब्द ओळखायला लागतं.

कंपन्यांची यंत्रं इंग्रजी छान ओळखत, हिंदी बरी. मराठीत मात्र त्यांना 'ळ' येत नव्हता. दुकानात रजनीनं "वेळ लागेल का?" असं मनात म्हटलं, तर यंत्र तिच्या वतीनं "वेल लागेल का?" म्हणालं. तिनं पट्ट्या सोडवल्या, दुकानदाराच्या हातात दिल्या आणि सरळ बाहेर पडली.

"मी करतो," उल्हास रिक्षात म्हणाला. "तुझ्यापुरतं करायचंय. त्याला फक्त तुझं बोलणं कळलं म्हणजे झालं."

त्यासाठी रोज सकाळी दोन तास ती हनुवटीखाली पट्ट्या लावून बसायची आणि तो कागदावरून वाक्यं वाचायचा. तो वाचणार, ती तेच वाक्य आवाजाशिवाय म्हणणार, यंत्र नक्षी साठवणार. चार हजारांवर वाक्यं झाली. वाक्यं कमी पडायला लागली तेव्हा तिनंच सातवीच्या व्याकरणाच्या वह्या काढून दिल्या. तो चुकीच्या जागी थांबला तर ती कपाळाला आठी घालायची आणि तो ते वाक्य पुन्हा वाचायचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण रोज दोन तास एकमेकांसमोर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सुरुवातीला शब्द मोबाइलवर उमटत. तिनं वाचायचे, बरोबर असतील तर बटण दाबायचं, मग समोरच्याला दाखवायचे. तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. मुलगी केतकी शनिवारी पुण्याहून आली की तीही आईचं वाक्य यायच्या आत दुसऱ्या विषयावर जायची. रजनी मग अर्धवट वाक्य पुसून टाकायची.

"मधला मोबाइलच काढून टाकू," उल्हास म्हणाला. "अक्षरं थेट लोकांना दिसली पाहिजेत."

त्यानं एलईडी मॅट्रिक्सचे छोटे तुकडे मागवले. एकेक तुकडा दोन सेंटिमीटरचा, त्यावर आठ ओळींत आठ-आठ असे चौसष्ट तांबडे ठिपके. एका वेळी खरं तर एकच ओळ पेटते, पण ओळी इतक्या झपाट्यानं पाळीपाळीनं पेटतात की डोळ्याला अख्खं चित्र दिसतं. इंग्रजी अक्षर आठ ओळींत मावतं. मराठी मावत नाही. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. म्हणून त्यानं वर चार आणि खाली चार असे आठ तुकडे जोडले आणि चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक अक्षर काढायला घेतलं. 'ळ' सगळ्यात आधी काढला. 'क्ष' रजनीनं तीनदा नापास केला.

ओळखपत्रासारखा तो डिस्प्ले तिच्या गळ्यात आला, छातीवर, अक्षरं बाहेरच्या बाजूला. ती बोलायची आणि शब्द उजवीकडून डावीकडे सरकत जायचे. पहिल्याच दिवशी भाजीवाल्यानं मान तिरकी करून "कोथिंबीर ताजी नाही का?" वाचलं आणि न चुकता उत्तर दिलं. रजनी घरी आली ती कितीतरी वेळ बोलतच राहिली. स्वयंपाकघरात कोणी नसतानाही अक्षरं सरकताना उल्हासनं दारातून पाहिली.

त्यानं सगळी जोडणी, अक्षरांचे नकाशे आणि प्रोग्रॅम हौशी लोकांच्या एका संकेतस्थळावर टाकला. आठवड्याभरात तीनशे लोकांनी उतरवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं त्याला सर म्हणाली.

अडचण एकच होती. संध्याकाळी रजनी दमली की संदेश क्षीण व्हायचे आणि शब्द गळायचे. संदेश किती जोराचा आला म्हणजे त्याला शब्द मानायचं, याची एक किमान पातळी प्रोग्रॅममध्ये होती. ती साठ होती, उल्हासनं पंचवीस केली. आता क्षीण शब्दही पकडले जात. पण ते बरोबर असतीलच अशी खात्री नव्हती, म्हणून त्यानं खाली तसेच आणखी आठ तुकडे जोडले आणि पक्के शब्द वरच्या ओळीत ठळक, बिनखात्रीचे खालच्या ओळीत बारीक, अगदी मंद उजेडात दाखवायचं ठरवलं. जवळ बसलेल्यालाच ते दिसत, तेही लक्ष दिलं तर. हा बदलही त्यानं संकेतस्थळावर टाकला.

पुढच्या मंगळवारी शेजारच्या पाटणकरबाई आल्या.

"बसा ना, चहा टाकते," रजनीच्या छातीवर ठळक अक्षरं सरकली.

आणि त्याखाली मंद: "आजच का आली ही."

उल्हासला आधी वाटलं, यंत्र चुकलं. त्यानं रजनीकडे पाहिलं. ती हसून पाटणकरबाईंच्या सुनेची चौकशी करत होती. खाली मंद अक्षरं जात होती: "आता सुनेचं पुराण अर्धा तास." तो आतल्या खोलीत जाऊन एकटाच हसला.

मग त्याला उमगलं. माणूस जे शब्द ओठावर येऊ देत नाही त्यांचेही संदेश आधी निघालेले असतात. ते वाटेत अडवले जातात, पण निघालेले असतात. पातळी पंचवीसवर आणली तेव्हा तो रजनीचे दमलेले शब्द शोधत होता. त्याच्या जाळ्यात तिनं गिळलेले शब्दही आले होते.

पातळी परत वर न्यायला पाच मिनिटं लागली असती.

"डिस्प्लेवर नेमकं काय काय येतं हो?" त्याच संध्याकाळी तिनं विचारलं. तिला स्वतःला तो दिसत नसे. खाली वाकून पाहिलं तर अक्षरं उलटी आणि तिरपी. आरशासमोर तर ती ऑपरेशन झाल्यापासून उभीच राहत नव्हती.

"तू बोलशील तेवढंच येतं," तो म्हणाला.

त्यानं स्वतःची समजूत घातली की काही दिवस तपासणी करू, मग बदलू. खालची ओळ जवळून वाचता यावी म्हणून तो आता जेवताना तिच्या समोरची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर बसू लागला. तो जोडणीबद्दल सांगायचा, ती वर म्हणायची, "छान झालंय हो." खाली यायचं, "किती बोलतोस रे." पस्तीस वर्षं जिनं अहो-जाहो केलं ती मनात त्याला अरे-तुरे करत होती. त्याला पहिल्यांदा राग आला, दुसऱ्या दिवशी गंमत वाटली आणि नंतर सवय लागली. सगळंच कडू नव्हतं. एकदा तो शर्टाचं बटण लावत होता तेव्हा खाली आलं, "वाळलास किती." ते तिनं वर म्हटलं नाही. तो दिवसभर खुशीत होता.

पण असंही आलं: "तेव्हा मुख्याध्यापिका झाले असते साताऱ्याला." ती बदली नको, असं अठरा वर्षांपूर्वी त्यानंच सांगितलं होतं, आणि तिनं "बरं" म्हटलं होतं. विषय तिथेच संपला असं तो समजत होता. त्यानं त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुठून कळलं हे सांगावं लागलं असतं.

दहा महिन्यांनी तपासणीत फुप्फुसावर डाग दिसला.

कोल्हापूरच्या रुग्णालयातले डॉक्टर देवधर टेबलापलीकडून सावकाश बोलत होते. केमोच्या औषधाच्या सहा फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी. ऑपरेशनपेक्षा जास्त त्रासाच्या. उपयोग होण्याची शक्यता शंभरात तीस-पस्तीस. "नाही घेतल्या तर आम्ही वेदना होऊ देणार नाही, एवढं मी सांगू शकतो. वर्षभर मिळेल, कदाचित थोडं जास्त. दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी ते चूक नाही. धुमाळबाई, तुम्हीच सांगा."

रजनीनं उल्हासकडे पाहिलं. तो तिच्या रिपोर्टची फाइल पुन्हा पुन्हा उघडून मिटत होता.

"घेऊ या," ठळक अक्षरं सरकली.

खाली, मंद: "नको. पुरे झालं. नको मला. पण हा कसा राहील."

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि ते थोडे पुढे झुकले. "हे खाली काय..."

उल्हास खुर्चीतून उठला आणि त्यानं रजनीचा पदर तिच्या खांद्यावरून सारखा केला. पदर डिस्प्लेवर आला. "एसीचा गार वारा लागतो तिला," तो म्हणाला.

रजनीला बरं वाटलं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि तिनं सही केली, 'ळ'च्या गाठीसकट, सुरेख अक्षरात.

पहिल्या फेरीनंतर ती चार दिवस अंथरुणातून उठली नाही. दुसरीनंतर तोंडात फोड आले आणि पाणीसुद्धा झोंबू लागलं. केस गेले. बोटांची टोकं बधिर झाली, पाटीची पेन्सिल धरवेना. वर ठळक अक्षरं दिवसाला पाच-दहा शब्दांवर आली. खालची मात्र वाढली. "का. का हो म्हटलं. संपू दे." उल्हास तिच्या पायांना तेल लावायचा आणि वाचायचा. त्यानं पातळी अजूनही बदलली नाही. वाचणं बंद करणं म्हणजे तिला एकटीला सोडणं, असं तो आता स्वतःला सांगत होता.

तिसऱ्या फेरीनंतरच्या रविवारी केतकी एक मऊ सुती टोपी घेऊन आली. तिनं आईला आग्रहानं कपाटाच्या आरशासमोर उभं केलं, टोपी घातली, मागून मिठी मारली आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली.

रजनी आरशात बघत राहिली. खोलीचे पडदे ओढलेले होते. छातीवर तांबडी अक्षरं डावीकडून उजवीकडे, उलटी सरकत होती. हजारो पोरांच्या उलट्यासुलट्या वह्या तपासलेल्या बाईला ती वाचायला वेळ लागला नाही.

"ही कोण म्हातारी," असं मंद अक्षरांत लिहिलं होतं. ती हे बोलली नव्हती.

तिनं घाई केली नाही. ती पलंगावर बसली, आरसा समोर राहील अशी. मनात "पाणी" हा शब्द आणला आणि म्हणायचा नाही असं ठरवलं. खाली मंद "पाणी" गेलं. "खिडकी" आणला आणि अडवला. "खिडकी" गेलं. असे सात शब्द झाले. मग तिनं एक शब्द मोकळेपणानं म्हटला, तो वर ठळक उमटला. तिला फरक कळला.

उल्हास पेजेची वाटी घेऊन आला तेव्हा ती आरशातूनच त्याच्याकडे पाहत होती.

"डॉक्टरांनी विचारलं त्या दिवशी खालच्या ओळीत काय होतं?" ठळक.

"कुठली ओळ?"

मंद: "खोटारडा." आता ते दोघांनीही वाचलं.

त्यानं वाटी कपाटावर ठेवली. "नको, असं होतं. पुरे झालं, असं होतं."

"आणि पदर?"

"मीच ओढला."

बाहेर केतकी फोनवर कोणाला तरी स्टेशनचा पत्ता सांगत होती. रजनीची अक्षरं सावकाश, पण अडखळल्याशिवाय येत होती.

"मी नको म्हटलं नव्हतं. हो म्हटलं होतं. तुमच्याकडे बघून, विचार करून म्हटलं होतं. ते माझं देणं होतं. तुम्ही ते तसंच घेतलं असतंत तर मी सहा काय, दहा फेऱ्या घेतल्या असत्या आणि तक्रार केली नसती."

तिनं श्वास घेतला. गळ्यातल्या भोकातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला.

"पण तू वाचलंस. आणि वाचल्यावर माझ्याशी बोलला नाहीस. झाकलंस."

वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत, तिनं त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं.

"मला तू हवी होतीस," उल्हास म्हणाला. "मी काय करायला हवं होतं? तुला जाऊ द्यायला हवं होतं?"

तो उत्तराची वाट पाहत डिस्प्लेकडे बघत राहिला. वरची ओळ कोरी होती. खालचीही कोरी होती. सोळाही तुकड्यांवर एक ठिपका पेटला नाही. मग तिनं मानेमागे हात नेऊन दोरी काढली, हनुवटीखालच्या पट्ट्या ओढल्या आणि सगळं त्याच्या हातात दिलं.

उरलेल्या तीन फेऱ्या तिनं पूर्ण केल्या. केतकीनं रजा घेऊन तिला नेलं-आणलं. "अर्धवट सोडलं तर आधीचं सोसलेलं वाया जाईल," तिनं पाटीवर वेड्यावाकड्या अक्षरांत कसंबसं लिहिलं, तेही केतकीला. कंपनीचं यंत्र केतकीनंच आणून दिलं. त्यात शब्द पडद्यावर यायचे, रजनी वाचायची, बटण दाबलं तरच यंत्र बोलायचं. ळ अजूनही नीट येत नव्हता. तिनं तेवढं चालवून घेतलं.

आणि डाग गेला. पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या. पाटणकरबाईंनी पेढे आणले. उल्हास त्यांच्यासमोर रडला आणि रजनीनं यंत्राकरवी त्यांना "घ्या ना, अजून एक घ्या" म्हटलं. रुग्णालयात स्वरयंत्र काढलेल्या नव्या रुग्णांना यंत्र कसं वापरायचं ते शिकवायला ती आठवड्यातून दोनदा एसटीनं जाऊ लागली. तिथे ती खूप बोलते, असं केतकीकडून उल्हासला कळायचं. घरी आली की यंत्र काढून ती टेबलावर ठेवायची. उल्हासशी ती भांडत नव्हती. त्याच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवायची. फक्त बोलत नव्हती. असं दीड वर्ष झालं.

आपला प्रोग्रॅम उल्हासनं संकेतस्थळावरून काढून टाकला होता. पण तोवर तो कित्येक हजार लोकांकडे गेला होता. पक्षाघात झालेल्यांसाठी, वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी गावोगावी लोक ते डिस्प्ले जोडत होते.

एका दुपारी परभणीहून एका बाईचा फोन आला. उल्हासला हल्ली कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता. रजनी नुकतीच कोल्हापूरहून आली होती आणि दारात चपला काढत होती.

"सर, तुमचे फार उपकार आहेत," बाई म्हणाली. "सासऱ्यांना अर्धांग झालंय. तुमच्या प्रोग्रॅममुळे आम्हाला त्यांचं सगळं कळतं. एकच विचारायचं होतं."

"ती पातळी साठवर न्या," उल्हास घाईनं म्हणाला. "पंचवीसवर ठेवू नका. ते चुकीचं आहे."

"नाही नाही सर, ते आम्ही दहावर आणलंय. खालची अक्षरं जरा मंद दिसतात, ती ठळक करायची तर कुठे बदलायचं?"

रजनी पुढे आली. यंत्र तिच्या गळ्यातच होतं. तिनं वाक्य म्हटलं, पडद्यावर वाचलं, बटण दाबलं. यंत्राचा सपाट आवाज फोनमध्ये गेला.

"तुम्ही ते वाचता, हे सासऱ्यांना सांगितलंय का?"

पलीकडून बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "सांगून कसं चालेल, ताई? सांगितलं तर ते तसा विचारच करायचे नाहीत."

रजनी पुढचं वाक्य जुळवत होती, तेवढ्यात "बरं, आम्ही बघतो आमचं" म्हणून बाईनं फोन ठेवला. उल्हासनं लगेच त्या नंबरवर उलट फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, तोही वाजून वाजून बंद झाला.

रजनी त्याच्यासमोर उभी होती. तिच्या हनुवटीखालचा स्नायू हलला. पडद्यावर एक शब्द आला. तिनं तो वाचला, बराच वेळ बटणावर अंगठा तसाच ठेवला आणि मग दाबला.

"ऐकलंत?"

दीड वर्षानंतर ती त्याच्याशी बोलली होती.

"ऐकलं," उल्हास म्हणाला.

ती अजून काही बोलेल म्हणून तो थांबला. तिनं पट्ट्या सोडवल्या, यंत्र टेबलावर ठेवलं आणि हातपाय धुवायला आत गेली.